बारा जणांचे कान

गिरणीनं परवानगी दिली ती एका दिवसाची, एका खोलीची आणि बारा माणसांची. तेराव्याचं नाव काढलंत तर फाटक उघडणार नाही, असंच त्या पत्रात म्हटलं होतं. फक्त भाषा गोड होती.

कामगार आरोग्य कार्यालयात ते पत्र जिच्या टेबलावर आलं, तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. पस्तिशीची, बिनलग्नाची, बोलायला जरा तुटक. दहा वर्षं ती एकच काम करत आली होती. थोड्या माणसांना मोजायचं आणि त्यावरून सगळ्यांबद्दल काय म्हणता येईल, किती खात्रीनं म्हणता येईल, ते कागदावर मांडायचं. या खेपेला प्रश्न कानांचा होता. गिरणीच्या विणकाम खात्यात तीनशे माग एका छपराखाली धडधडत आणि तिथे काम करणारी माणसं हळूहळू बहिरी होत. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. कायदा म्हणत होता, खात्यातल्या माणसांची सरासरी चाळीसच्या वर असल्याचं सिद्ध करा, मग आम्ही हुकूम काढतो. हुकूम निघाला असता तर मागांवर झाकणं बसली असती, दर दोन तासांनी अर्धा तास शांत खोलीत विश्रांती मिळाली असती.

चाळीस म्हणजे काय, तर माणसाला ऐकू यायला आवाज किती वाढवावा लागतो त्याचा आकडा. धड कानाला दहा-बारा पुरतात. आकडा जितका मोठा तितका कान कामातून गेलेला.

पहिल्या बैठकीला गिरणीचा डॉक्टर आला होता. गुळगुळीत दाढीचा, हसतमुख माणूस. तो म्हणाला, "बाई, खात्यात आणि गेल्या पाच वर्षांत निवृत्त झालेले मिळून सहाशे बारा लोक. तुम्ही बारा तपासणार. बारा शितांवरून सहाशेंचा भात शिजला की नाही ते ठरवणार?"

"शितं नीट ढवळून घेतली तर ठरवता येतं," ती म्हणाली. "फक्त छातीठोकपणे एक आकडा सांगता येत नाही. पल्ला सांगता येतो. खरी सरासरी इथपासून इथपर्यंत कुठेतरी आहे, असा. या पद्धतीनं शंभर वेळा पल्ला काढला तर पंच्याण्णव वेळा खरी सरासरी त्यात सापडते. माणसं कमी तर पल्ला रुंद, एवढंच."

"आणि पल्ल्याचं खालचं टोक चाळीसच्या खाली गेलं तर?"

"तर सिद्ध झालं नाही."

"मग ठीक आहे," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं चहाचा कप पुढे ओढला.

त्याचं ते "ठीक आहे" तिला आवडलं नाही. म्हणून तिनं करारात तीन अटी घातल्या. चिठ्ठ्या दोन्ही बाजूंच्या देखत निघतील आणि निघालेलं नाव बदलणार नाही. कुणाचीही तपासणी दुसऱ्यांदा होणार नाही. आणि एकदा आकडा दिसला की तो कुणाच्या सोयीचा असो वा गैरसोयीचा, वगळता येणार नाही.

तिचे साहेब म्हणाले, "एवढं जखडून कशाला ठेवतेस?"

"एखादा फार बहिरा निघाला की हे म्हणणार, हा मुळातच अधू होता, काढा याला. ते दार आधीच बंद केलेलं बरं, साहेब."

गिरणीनं तिन्ही अटींवर मुकाट सही केली.

चिठ्ठ्या म्हणजे खरं तर आकड्यांचं पुस्तक होतं. नुसते आकडे, पानामागून पान, कशाचा कशाशी संबंध नसलेले. तिनं डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि तिथून पुढे वाचत गेली. गिरणीचा कारकून यादीतली नावं शोधत होता, कामगारांचा प्रतिनिधी मान डोलावत होता. नववा आकडा निघाला चारशे सत्तेचाळीस. कारकुनानं यादीवरून बोट खाली नेलं, नाव वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं.

ते तिच्या वडिलांचं नाव होतं.

ती लगेच उठून साहेबांकडे गेली. साहेब बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. "नाव बदलायचं नाही ही अट कुणाची?"

"माझीच."

"मग आता काय करायचं? त्या दिवशी तू यंत्राला हात लावू नकोस, बस्स. लांब बसून लिही."

तिनं तरी काय करायचं होतं? आणि खरं सांगायचं तर मनातून ती फारशी घाबरली नव्हती. बाबा एकतीस वर्षं मागावर होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हाच त्यांच्या कानांचं दिवाळं वाजलं होतं. आईला त्यांना हाक मारायची असली तर ती लाकडी जमिनीवर दोनदा टाच आपटायची. तो हादरा पायांना कळला की ते वळून बघायचे. समोर बसून बोललं तर ओठांवरून सगळं समजायचं. पाठमोऱ्या माणसाचं अक्षर कळायचं नाही. पण आपण बहिरे आहोत हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "हल्ली लोकच पुटपुटतात," असं म्हणायचे.

तपासणीच्या चार दिवस आधी ती कामावरून घरी आली, तर जिन्यात खात्याचा मुकादम भेटला. तो उतरत होता, ती चढत होती.

"काय आकडेबाई! बाबांचा नंबर लागला म्हणे. चांगलं झालं. त्यांचे कान अजून खणखणीत आहेत!" असं म्हणून तो हसला आणि भिंतीला अंग चोरून तिला वाट दिली.

वर घरात उत्साह होता. धाकट्या भावाचा चेहरा उजळला होता. तीन वर्षं तो बदली कामगार होता. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत घ्यायचे, नसला तर परत पाठवायचे. आता मुकादम सांगून गेला होता की पुढच्या महिन्यापासून तो कायम. मागावर.

"कागद कुठाय?" तिनं विचारलं.

"तपासणी पार पडली की देणार म्हणाले," भाऊ म्हणाला.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिला त्या क्षणी कळायला हवं होतं, आणि थोडंफार कळलंही. पण तिनं मनाला समजावलं, की देवाला फसवता येईल, यंत्राला नाही. ज्याला आवाजच ऐकू येत नाही तो आल्याचं सोंग कसं आणणार? आणलं तरी भलत्या वेळी बोट वर करील आणि पकडला जाईल. तिनं कानाडोळा केला आणि हात-पाय धुवायला गेली.

तपासणीची खोली म्हणजे गिरणीच्या जुन्या दप्तरांची खोली. खात्यापासून लांब, जाड भिंतींची, एका बाजूला काचेची खिडकी. आत खुर्चीवर माणूस बसायचा, कानांवर तपासणीच्या यंत्राचे गोळे लावून. काचेबाहेर टेबलाशी कानवाली बसायची. ही कार्यालयाची तंत्रज्ञ, लठ्ठ, गमत्या स्वभावाची बाई. ती बटण दाबून बारीक-मोठे आवाज सोडायची. ऐकू आला की आतल्यानं बोट वर करायचं. आकडेबाई पार टोकाला, दाराशी वही घेऊन बसली होती. तिच्या शेजारी गिरणीचा डॉक्टर.

सकाळपासून एकेक माणूस येत गेला. चव्वेचाळीस. बावन्न. सत्तेचाळीस. एक जण आत गेल्यापासून बोट वरच धरून बसला. कानवालीनं बाहेर येऊन त्याला दोनदा समजावलं, तेव्हा कुठे त्याचे एकोणचाळीस निघाले. खात्यातली सगळ्यात जुनी विणकरीण आली, तिला सगळे थोरली म्हणत. तिचे अठ्ठावन्न. ती बाहेर येऊन कानवालीच्या वहीत डोकावली आणि म्हणाली, "जास्त म्हणजे चांगलं की वाईट?"

"वाईट," कानवाली मोठ्यानं म्हणाली.

"मग बरोबर आहे," थोरली म्हणाली आणि पाळीवर परत गेली.

बाबा जेवणाच्या सुट्टीनंतर आले. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. मुलीकडे त्यांनी पाहिलंच नाही. आत गेल्यावर त्यांनी खुर्ची जरा फिरवून घेतली, काचेकडे तोंड येईल अशी. "पाठीत उसण भरलीय, असा बसतो," ते म्हणाले. कानवालीला काय, ती हो म्हणाली.

आवाज सुटला, बोट वर. आणखी बारीक आवाज, बोट वर. त्याहून बारीक, तरी बोट वर. कानवालीनं मध्येच बराच वेळ काहीच न वाजवता वाट पाहिली. बोट मांडीवर शांत. पुन्हा वाजवलं, बोट वर. एकदासुद्धा चूक नाही.

"बारा!" कानवाली आश्चर्यानं म्हणाली. "विशीतल्या पोराचे कान आहेत काकांचे! इतकी स्वच्छ तपासणी दिवसभरात नाही झाली."

गिरणीच्या डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. आकडेबाईनं वहीत बारा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, हे नंतर तिचं तिलाच खटकलं.

संध्याकाळी कार्यालय रिकामं झाल्यावर तिनं हिशेब मांडला. आधी नुसत्या अकरा जणांचा, कराराविरुद्ध, केवळ स्वतःच्या माहितीसाठी. सरासरी अठ्ठेचाळीस, पल्ला चव्वेचाळीस ते बावन्न. खालचं टोक चाळीसच्या चांगलं चार पावलं वर. हुकूम निघालाच असता. मग तिनं बारावा आकडा घातला. सरासरी उतरून पंचेचाळीस झाली. तीही चाळीसच्या वरच होती म्हणा, पण पल्ला! एकट्या त्या आकड्यानं पल्ला फाटून दुप्पट झाला. सदतीस ते बावन्न. अकरा जण एका घोळक्यात आणि एक पार मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, अशी माणसं दिसली की गणितालाही शंका येते. ते म्हणतं, मला या लोकांचं फारसं कळलेलं नाही, मी जपून बोलतो. मग ते हात पसरतं, आणि पसरलेला हात चाळीसच्या खाली गेला.

तिनं आणखी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. बाराच्या जागी सदुसष्ट लिहिले. बाबांचे खरे असतील तितके. पल्ला आला चव्वेचाळीस ते चोपन्न. म्हणजे बाबा नुसते खरेपणानं गप्प बसले असते तरी काम झालं असतं. त्यांनी काही करायचंच नव्हतं. फक्त बोट मांडीवर ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी भाऊ बाहेर गेल्यावर ती बाबांसमोर खुर्ची ओढून बसली, ओठ दिसतील अशी.

"कसं केलंत?"

"काय कसं?"

"बाबा."

त्यांनी क्षणभर पाहिलं. आणि मग, तिला शेवटपर्यंत विसरता आलं नाही ते हेच, ते चक्क खुलले. "बटण दाबताना त्या बाईचा उजवा खांदा एवढासा खाली जातो," त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. "एकतीस वर्षं मागावर इकडून तिकडे पळता धोटा पाहिलाय मी. तुटलेला धागा आवाजावरून नाही, डोळ्यांनी पकडलाय. मला खांदा दिसायचा नाही होय? शेवटी दोन-तीनदा मुद्दाम बोट उचललं नाही, उगाच संशय नको."

"तुम्ही सहाशे जणांचं नुकसान केलंत."

"सहाशे जण माझ्या पोराला कायम करणार होते का?"

"मुकादमानं सांगितलं तसं करायला?"

"मुकादमानं काही सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, हुकूम निघाला तर वर्ष-दोन वर्षं भरती बंद राहील. आणि म्हणाला, तुमचे कान चांगले आहेत ना? मी म्हटलं, आहेत."

"धाकट्याचे कान जातील, बाबा. दहा वर्षांत जातील."

"माझे गेले. मेलो का मी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते कबूल केलं, तेही भांडणात वापरायला. दाराशी आई उभी होती. ती हळूच म्हणाली, "तू शिकलीस ती त्याच आवाजावर शिकलीस. एवढं लक्षात ठेव." बाबांना ते ऐकू गेलं नाही. ज्याला जायचं त्याला गेलं.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी तिनं साहेबांच्या खोलीचं दार लावून घेतलं. "नवव्या माणसाचा आकडा खोटा आहे," ती म्हणाली आणि मुकादमाची भेट, कानवालीचा खांदा, सगळं सांगितलं.

"पुरावा?"

"मी त्यांची मुलगी आहे."

"तोच तर घोटाळा आहे. गिरणी म्हणेल, बाईला हवा तसा निकाल लागला नाही म्हणून बापाला खोटं पाडतेय. यंत्र साक्षीला आहे, कानवालीची सही आहे, वगळायचं नाही ही अट तुझी, पुन्हा तपासायचं नाही ही अट तुझी." साहेबांनी खणातून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. माणूस वाईट नव्हता. "एकच मार्ग आहे. लेखी दे. माझ्या वडिलांनी सरकारी तपासणीत फसवणूक केली, अमुक पद्धतीनं केली, गिरणीच्या माणसाच्या भेटीनंतर केली. खाली सही कर. मी वर पाठवतो, सगळी तपासणी रद्द करायला लावतो. पण मग त्यांची चौकशी होईल, हे तुला ठाऊक आहे. भावाचं कायम होणं तर विसरूनच जा."

"विचार करते," ती म्हणाली.

कोरा कागद तिनं टेबलाच्या खणात ठेवला. दोन दिवसांत चार वेळा बाहेर काढला. एकदा तारीख लिहिली. तारखेखाली काही उतरलं नाही. बाबांना चौकशीच्या खुर्चीत बसवलेलं तिला दिसायचं. समोरचा अधिकारी कागदात तोंड घालून प्रश्न विचारतोय आणि बाबांना त्याचे ओठ दिसत नाहीत, तरी ते हो-हो म्हणतायत.

बैठकीच्या दिवशी गिरणीचा डॉक्टर फारच प्रसन्न होता. बारा शितांबद्दल त्याची आता काहीच तक्रार नव्हती. "बाईंनी काम चोख केलंय," तो म्हणाला. "शास्त्र म्हणजे शास्त्र." कामगारांचा प्रतिनिधी खाली बघत होता. त्याच्याच खात्यातला माणूस. नववा कोण आणि त्याचे कान कसे हे त्यालाही ठाऊक असणारच. पण त्यालाही घर होतं.

साहेबांनी अहवाल वाचला आणि मान वर केली. "आकड्यांबद्दल कुणाला काही सांगायचंय?" विचारलं सगळ्यांना, पण पाहिलं तिच्याकडे. वेळही दिला. पंखा फिरत होता तो ऐकू येण्याइतका वेळ दिला.

"नियमाप्रमाणे बाराही आकडे धरलेत," ती म्हणाली.

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

अहवालात तिनं लिहिलं होतं: 'सरासरी चाळीसच्या वर असल्याचं या नमुन्यावरून सिद्ध होत नाही. ती चाळीसच्या खाली असल्याचंही सिद्ध होत नाही. नमुना लहान आहे, किमान चाळीस जणांची तपासणी व्हावी.' तीन वाक्यं. चार दिवसांनी गिरणीच्या फाटकावर कागद लागला, त्यात एकच होतं: 'आपल्या कामगारांचे कान सुरक्षित असल्याचं सरकारी तपासणीत सिद्ध झालं आहे.' ती तणतणत साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "त्यांच्या फाटकावर आपली सत्ता नाही. खुलासा पाठवू." खुलासा गेला. त्याची पोच आली. पुढची तपासणी नियमाप्रमाणे तीन वर्षांनी होणार होती.

महिना उलटल्यावर एक दिवस थोरली कार्यालयात आली. पाळी संपवून थेट, केसांत कापसाचे तंतू तसेच. आकडेबाईच्या टेबलासमोर ती उभी राहिली आणि खात्यातल्या बायका बोलतात तशा चढ्या आवाजात म्हणाली, "माझे अठ्ठावन्न होते. मी स्वतः वहीत पाहिले. ते कुठे गेले?"

शेजारच्या टेबलांवरची डोकी वर झाली.

"सरासरीत गेले," आकडेबाई म्हणाली. मग तिनं कागद घेतला आणि समजावून सांगायला लागली. एक आकडा कसा लांब पडला, पल्ला कसा रुंद झाला, खालचं टोक कसं चाळीसच्या खाली उतरलं. थोरली कागदाकडे नाही, तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. पूर्ण ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "म्हणजे अकरा बहिऱ्यांपेक्षा एका कानवाल्याचं वजन जास्त."

"तसं नाही, पण... तसंच झालं."

"आणि तो कोण, ते मी विचारत नाही. चौदा वर्षं त्याचा माग माझ्या शेजारी होता. मी ओरडून मरायची, तेव्हा तो माझे ओठ बघायचा. सगळ्या खात्याला ठाऊक आहे." ती थांबली. "तुला नव्हतं ठाऊक?"

"होतं."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं. साहेबांना."

"दार लावून?"

थोरलीनं टेबलावरचा तो कागद उचलला, घडी घातली आणि परत टेबलावरच ठेवला. "तुला आमच्यासारखं मोठ्यानं बोलायची सवय नाही," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर खात्यातल्या जुन्या माणसांनी बाबांशी बोलणं टाकलं. रस्त्यात भेटले तर तोंड फिरवायचे. बाबांना ते कळायला काही आठवडे लागले. लोक नेहमीसारखे पुटपुटतायत, असंच त्यांना वाटत राहिलं. कळल्यावर त्यांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. भाऊ कायम झाला होता. मुकादमानं शब्द पाळला, एवढं म्हटलंच पाहिजे. आकडेबाईनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याला कानवालीकडे नेऊन त्याचे कान तपासून घेतले. आठ निघाले. दर सहा महिन्यांनी ती त्याला ओढून न्यायची. कानांत घालायला तिनं बुचं आणून दिली; तो म्हणाला, "ती घातली की मुकादमाची हाक ऐकू येत नाही," आणि खिशात ठेवली. आठाचे अकरा झाले, अकराचे सोळा, पुढे बावीस. एका माणसाच्या आकड्यांवरून खात्याबद्दल काही म्हणता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ती लिहून ठेवत राहिली.

आणि अर्ज करत राहिली. अकरा अर्ज केले तिनं चाळीस माणसांच्या परवानगीसाठी. तीन वर्षं आणि दोन महिन्यांनी ती मिळाली. या खेपेला काचेवर जाड कापड लावलं, तिनं स्वतः खिळे ठोकले. बाबांना निवृत्त होऊन पाच वर्षं उलटली होती, यादीत त्यांचं नावच नव्हतं. भाऊ यादीत होता, पण त्याचा आकडा निघाला नाही. चाळीस जण झाले. सरासरी एकोणपन्नास, पल्ला सत्तेचाळीस ते एकावन्न. अरुंद, नीटनेटका पल्ला, चाळीसपासून कितीतरी लांब. नवा डॉक्टर आला होता, त्यानं वाद घातला नाही. दीड महिन्यात हुकूम निघाला.

हुकुमाची एक प्रत घेऊन ती थोरलीच्या घरी गेली. थोरली वर्षापूर्वी निवृत्त झाली होती. दार तिच्या सुनेनं उघडलं, आत जाऊन सासूच्या खांद्याला हात लावला, तेव्हा थोरली वळली. तिनं उभ्यानंच कागद वाचला, शेवटच्या सहीपर्यंत.

"झाकणं बसवणार?"

"हो. काम सुरू झालंय," आकडेबाई ओठ नीट हलवत म्हणाली.

"मागच्या वेळी हाच निकाल लागला असता?"

"हो."

"माझे आता किती असतील?"

"तपासून सांगता येईल."

"नको," थोरली म्हणाली. तिनं कागद परत केला. "नातवाचं बोलणं मला कळत नाही. लहान आहे, अजून ओठ धड हलत नाहीत त्याचे." हे तिनं रागानं म्हटलं नाही. मग सुनेकडे वळून म्हणाली, "हिला पाणी विचार," आणि आतल्या खोलीत निघून गेली.

आकडेबाईनं पाणी घेतलं नाही. ती चालत घरी आली. जिना चढताना वरून आईची टाच दोनदा आपटल्याचा आवाज आला. बाबा आणि धाकटा जेवायला बसले होते, भाऊ तोंडात घास घेऊन खात्यातलं काहीतरी सांगत होता, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं. आईनं विचारलं, "झालं का तुझं काम?"

"झालं," ती म्हणाली, आणि हुकुमाचा कागद पिशवीतून न काढताच त्यांच्या शेजारी जेवायला बसली.